कुठली बाजू गेली?

शिरूर-दौंडकडच्या एखाद्या वस्तीवर कुणाच्या अंगावरून वारं गेलं की बातमी ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, "कुठली बाजू गेली?" उत्तर लगेच मिळतं आणि त्यावरून पुढचे अंदाज बांधले जातात. माणूस आपल्या हाताने जेवेल का, सही करेल का, मोटरसायकलवर बसेल का. उजवी बाजू गेली तर फार वाईट, डावी गेली तर "तेवढं तरी बरं", असा सर्वसाधारण हिशोब असतो. चर्चा इथंच थांबते. मेंदूची कुठली बाजू गेली, हे सहसा कुणी विचारत नाही आणि घरी सोडताना ते आपण होऊन समजावून सांगणारेही थोडेच. खरं तर घरच्यांची पुढची कैक वर्षं या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त अवलंबून असतात. आणि डावी बाजू गेली म्हणजे बरं, हा हिशोब पुष्कळदा साफ चुकतो. चुकणारे आपण एकटे नाही. युरोपातल्या नामांकित डॉक्टरांचाही तो निदान अर्धशतकभर चुकतच होता. तो कसा चुकला आणि कसा सुधारत गेला, हे समजून घेतलं तर आपल्याच घरातल्या माणसाशी जरा न्यायाने वागता येतं, म्हणून हा लेख.

अर्धं अंग लुळं पडतं, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा अध्याय आहे. वायू शरीराची उजवी किंवा डावी बाजू निकामी करतो, तिची हालचाल थांबवतो आणि वाचाही अडवतो, असं तिथं सांगितलं आहे. अंग जाणं आणि बोलणं जाणं ही जोडी त्या वैद्यांनी बरोबर टिपली होती. पण कोणत्या बाजूबरोबर वाचा जाते, हे त्यांनी वेगळं काढलं नाही. बिघाडाचा शोध ते वायूत आणि शिरा-स्नायूंत घेत होते, त्यामुळे डोक्याच्या डाव्या-उजव्याचा प्रश्न तिथं उभाच राहिला नाही. ग्रीकांकडे तो लढाईतल्या जखमांमुळे उभा राहिला. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या, डोक्याच्या जखमांवरच्या ग्रंथात असं निरीक्षण आहे की घाव डोक्याच्या एका बाजूला बसला तर झटके अंगाच्या दुसऱ्या बाजूला येतात. पुढे कॅपाडोशियाच्या अरेटियस या वैद्याने त्याचं कारणही सुचवलं. मेंदूतून निघणाऱ्या नसा सुरुवातीलाच एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात, असं तो म्हणाला. ही ओलांडण्याची जागा प्रत्यक्ष दाखवायला मात्र अठरावं शतक उजाडावं लागलं. १७०९ मध्ये इटलीत मिस्टिकेली याने आणि १७१० मध्ये फ्रान्सचा लष्करी शल्यविशारद पुर्फुर द्यु पती याने ती मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला दाखवून दिली.

म्हणजे डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवं अंग जातं आणि उजव्या मेंदूला झाली तर डावं. पुणे-नगर रस्त्यावर हेल्मेटशिवाय पडलेल्या पोराच्या बाबतीत एक भर घालायला हवी. मार ज्या बाजूला बसतो, त्याच बाजूचा मेंदू दुखावतो असं नाही. आतला मेंदू हिसक्याने समोरच्या कवटीवर आदळून दुसऱ्याच बाजूला चेचतो. टाके कुठं पडले यावरून काही ठरवू नये. सीटी स्कॅन काय म्हणतो ते पाहावं.

हात-पाय कसे जातात, याचं कोडं असं सुटलं. पण मन, भाषा, भान यांचं काय? हे सगळं मेंदूच्या दोन्ही अर्धांत सारखंच असणार, असं डॉक्टर धरून चालले होते. दोन डोळे, दोन मूत्रपिंडं, तसे मेंदूचे दोन सारखे भाग. या समजाला पहिला तडा गेला तो पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात. तिथं लेबोर्न्य नावाचा रुग्ण २१ वर्षं राहत होता. त्याला सगळं कळत असे, पण तोंडातून "तां" एवढाच उच्चार निघे. काहीही विचारलं तरी "तां, तां". एप्रिल १८६१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी तो वारला आणि पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासला. इजा डाव्या भागाच्या पुढल्या अंगाला होती. ब्रोकाने घाई केली नाही. तशाच आणखी रुग्णांचे मेंदू तपासत तो गेला आणि १८६५ मध्ये त्याने जाहीरपणे मांडलं की आपण बोलतो ते मेंदूच्या डाव्या भागाने. मार्क डॅक्स या खेड्यातल्या डॉक्टरने १८३६ मध्येच हे लिहून ठेवलं होतं, असा दावा त्याच्या मुलाने त्याच सुमारास केला आणि श्रेयावरून बराच वाद झाला. मला त्या वादापेक्षा डॅक्सची पद्धत मोलाची वाटते. त्याच्या हाती होती ती वर्षानुवर्षं पाहिलेल्या रुग्णांची आठवण. अंग कुठलं गेलं आणि बोलणं गेलं का, एवढंच त्याने जोडीने लक्षात ठेवलं होतं.

१८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके या तरुण जर्मन डॉक्टरने दुसरा प्रकार दाखवला. डाव्याच भागात, पण जरा मागच्या अंगाला इजा झाली तर माणूस घडाघडा बोलतो, मात्र बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला उमगत नाही. या माणसाचे हात-पाय पुष्कळदा शाबूत असतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त हाल त्याचे होतात. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित असलेली बाई सकाळी उठून भलतंच बोलू लागते, लुळेपणा काही दिसत नाही, मग घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. कुणी देवऋषी गाठतो, कुणी बाहेरची बाधा म्हणतो. खरं तर त्या क्षणी मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबलेली असते आणि उपचाराचा वेळ उंबऱ्यातच निघून जात असतो. अचानक सुरू झालेलं असंबद्ध बोलणं हेही वारंच असू शकतं, ही गोष्ट प्रत्येक गावात माहीत असायला हवी.

वाचाघात झालेल्या माणसाचं गाणं मात्र पुष्कळदा टिकून राहतं. तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर यवत आणि वरवंड ही दौंड तालुक्यातली मुक्कामाची गावं. या पट्ट्यात भजनात आयुष्य काढलेली माणसं घरोघर आहेत. उजवी बाजू आणि वाचा गेलेल्या अशा एका विणेकरी आजोबांना मी पाहिलं आहे. बायकोचं नाव काढता येईना, पाणी मागता येईना, नुसते खुणा करत आणि चिडत. पण संध्याकाळी शेजारी हरिपाठ सुरू झाला की त्यांच्याही तोंडून शब्द सुटत, चालीसकट, ओळीमागून ओळ. घरच्यांना वाटे, आता बोलायला लागले. हरिपाठ संपला की परत मौन. "मुद्दाम बोलत नाहीत," असं मग कुणी तरी म्हणायचं. मुद्दाम नव्हे. स्वीडनमधल्या ओलोफ डालिन याने १७४५ मध्येच अशा रुग्णाची नोंद केली आहे. त्याची उजवी बाजू आणि बोलणं गेलं होतं, पण प्रार्थनेची गाणी तो म्हणू शकत होता. चाल, लय आणि पाठ झालेले शब्द यांत उजव्या मेंदूचाही मोठा वाटा असतो. याच पायावर १९७३ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या संशोधकांनी उपचाराची एक पद्धत मांडली. "पाणी दे" हे साधं वाक्य चालीवर, हाताने ठेका धरत म्हणायला लावायचं आणि हळूहळू चाल काढून घ्यायची. सगळ्यांना ती लागू पडत नाही. पण जिथं टाळ आणि ठेका लहानपणापासून अंगात मुरला आहे, तिथं ती करून न पाहणं हा करंटेपणा ठरेल.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कितीतरी कामगार आहेत. अशा माणसाची वाचा गेली तर कुठली भाषा आधी परतेल? फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो म्हणत असे की लहानपणी शिकलेली. १८९५ मध्ये पित्र या फ्रेंच डॉक्टरचं उत्तर आलं की आजाराच्या वेळी सर्वांत वापरातली. दोन्ही प्रकारचे रुग्ण आढळतात. तेव्हा मराठी शब्द आठवत नाहीत म्हणून त्या माणसाचं सगळं बोलणं संपलं असं समजू नये. त्याच्या गावाकडच्या भाषेत त्याच्याशी कुणी बोलून पाहिलं का, हे आधी विचारावं.

आता उजव्या मेंदूकडे येतो. माझं खरं सांगणं इथं आहे.

भाषा डावीकडे सापडली आणि डाव्या भागाला थोरलेपण मिळालं. उजवा भाग नुसता डावा हात-पाय हलवणारा दुय्यम भाऊ ठरला. तो दुखावला तर विशेष काही बिघडत नाही, असं मानलं गेलं, कारण उजव्या मेंदूला इजा झालेला रुग्ण डॉक्टरांशी नीट बोलतो. प्रश्नाला उत्तर देतो, नाव-गाव सांगतो, हसतो. आणि तो कशाचीच तक्रार करत नाही. लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सनने १८७६ मध्ये एका रुग्णाच्या निमित्ताने दाखवलं की उजवीकडची इजा ओळखीच्या जागा, माणसं आणि वस्तू यांचं भानच नाहीसं करू शकते. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९१४ मध्ये पॅरिसच्या बाबिन्स्कीने असे रुग्ण पुढे आणले ज्यांचं डावं अंग पूर्ण लुळं होतं आणि तरी ते म्हणत होते, मला काहीही झालेलं नाही. हात उचला म्हटलं की "उचलला की" म्हणत. हा हट्टीपणाही नव्हता आणि खोटेपणाही नव्हता. आपलं अंग गेलं आहे हे ज्या मेंदूला कळायचं, तोच दुखावला होता. पुढे १९४१ मध्ये रसेल ब्रेन या इंग्रज डॉक्टरने नोंदवलं की उजव्या मेंदूला इजा झालेले काही रुग्ण स्वतःच्या घरात वाट चुकतात, कारण डावीकडचं वळण ते घेतच नाहीत. ब्रोकापासून इथपर्यंत ८० वर्षं गेली होती.

या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा प्रयोग १९७८ मधला आहे. इटलीतल्या मिलान शहरात बिझियाख आणि लुझाती या दोघा संशोधकांनी दोन रुग्णांना सांगितलं, की आपल्या शहरातल्या कॅथेड्रलच्या चौकात तुम्ही उभे आहात आणि तोंड कॅथेड्रलकडे आहे, अशी कल्पना करा. काय काय दिसतं ते सांगा. रुग्णांनी फक्त उजव्या अंगाच्या इमारती सांगितल्या. मग सांगितलं, की आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभं राहून चौकाकडे बघा. आता त्यांनी मघाशी वगळलेल्या इमारती सांगितल्या, कारण त्या आता उजवीकडे आल्या होत्या, आणि मघाशी सांगितलेल्या सोडून दिल्या. डोळ्यांचा संबंधच नव्हता. आठवण पूर्ण होती, पण मनातल्या चित्राचीसुद्धा डावी बाजू त्यांना लाभत नव्हती.

हे वाचल्यावर मला आमच्या नात्यातले तात्या आठवले. दौंड तालुक्यात भीमाकाठी त्यांची उसाची बागायत. त्यांची डावी बाजू गेली आणि थोड्याच दिवसांत बरीचशी परत आली. काठी टेकत चालू लागले. बोलणं खणखणीत. लोक म्हणाले, सुटले. त्यानंतर घरात कुरबुरी सुरू झाल्या. चटणी वाढली नाही म्हणून ते सुनेवर ओरडत. चटणी ताटात असायची, पण आपल्या रिवाजाप्रमाणे डाव्या अंगाला. उजवीकडची भाजी संपायची आणि डावीकडचं सगळं तसंच राहायचं. दाढी उजव्या गालाची व्हायची. सदऱ्यात उजवा हात जायचा आणि डावी बाही पाठीवर लोंबत राहायची. दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटायचा. चष्मा बदलून झाला. नजर ठीकच होती. एकदा बांधावरून चालताना डाव्या अंगाच्या चारीत पाय जाऊन पडले, आणि तरी म्हणत राहिले, "मला काय झालंय? उद्या ट्रॅक्टर काढतो." घरातल्यांनी त्याला म्हातारपणाचा हेकटपणा म्हटलं, भावकीने सुनेचा छळ म्हटलं. शेवटी मार्ग त्या सुनेनेच काढला. जेवता जेवता मध्येच ती ताट अर्धं फिरवून ठेवायची आणि म्हणायची, "तात्या, अजून आहे बघा." आणि तात्या उरलेलं निमूटपणे जेवायचे. मेंदूविकाराचा कुठलाही ग्रंथ न वाचता त्या बाईने मिलानचा प्रयोग रोज दोन वेळा केला.

आणखी एक गोष्ट घरांना फार दुखावते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एलियट रॉस यांनी दाखवलं की उजव्या मेंदूच्या इजेने आवाजातले चढउतार जातात आणि दुसऱ्याच्या आवाजातला राग किंवा जिव्हाळाही ओळखता येईनासा होतो. शब्द शाबूत राहतात, पण सगळे एकाच पट्टीत. नातू आला तरी सपाट आवाजात "ये". "त्यांची माया आटली," असं बायको म्हणते. माया आटलेली नसते. ती आवाजात उतरवणारी जागा गेलेली असते. एवढं एक वाक्य कुणी वेळेवर सांगितलं तर किती घरांतली कटुता टळेल.

दोन्ही भागांना जोडणारा पूल कापलेल्या अपस्माराच्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी १९६० च्या दशकात काम केलं आणि त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. उजवा भाग मुका असला तरी अजाण नाही, हे त्यांनी पक्कं केलं. पण लोकांपर्यंत पोचलं ते त्याचं विडंबन: डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत. पुढे याच्याच जोरावर मुलांचे "दोन्ही मेंदू जागे करणारे" महागडे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत आले. निरोगी माणसात दोन्ही भाग अखंड एकत्र काम करत असतात. त्यांचा भेद कळतो तो एक दुखावल्यावरच, आणि तो ज्यांना खरोखर समजावून सांगायला हवा, त्या रुग्णांच्या घरी तो कुणी सांगत नाही.

सुधारण्याबद्दलचा विचारही बदलला आहे. सहा महिन्यांत आलं ते आलं, पुढं काही येत नाही, असं अजूनही पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. एडवर्ड टाउब यांनी चांगला हात बांधून ठेवून दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घेण्याची पद्धत काढली. तिची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आजाराला तीन ते नऊ महिने उलटलेल्या २२२ रुग्णांत नेहमीच्या उपचारांपेक्षा तिचा फायदा जास्त दिसला. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तर साधा आरसा वापरला. चांगल्या हाताचं प्रतिबिंब दुबळ्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा आणि दोन्ही हात हलवायचे. नीट शिकवलं तर हे भिंतीवरून काढलेल्या साध्या आरशावर घरीही करता येतं. मात्र डाव्या बाजूचं भानच नसलेल्या माणसाला ही कसरत शिकवण्याआधी त्याचं लक्ष डावीकडे आणावं लागतं. म्हणूनच मेंदूची कुठली बाजू गेली, हे कळल्याशिवाय व्यायामसुद्धा नेमका ठरवता येत नाही.

या सगळ्याआधी येतो तो वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. शिरूरपासून पुणं सत्तरेक किलोमीटर, दौंडपासून त्याहून थोडं जास्त. न्हावरे किंवा कवठे येमाईच्या पलीकडच्या वस्तीवरून निघायचं, वाटेत ओळखीच्या डॉक्टरकडे सलाईन लावायचं, मग वाघोलीच्या गर्दीत अडकायचं, यात साडेचार तास कधीच संपतात. डावी बाजू गेलेला माणूस तर "मला काही झालं नाही, झोपू द्या" म्हणतो आणि घरचे त्याला झोपू देतात. त्याचा "काही झालं नाही" हा शब्द हेच लक्षण आहे. तेव्हा त्याचं न ऐकता १०८ ला फोन करावा. गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' संस्थेने केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण मेंदूचा झटका हेच निघालं. दर सात मृत्यूंमागे जवळपास एक, आणि त्यातले बहुतेक घरीच. रक्तदाबाची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करणं थांबलं, तर यातले कितीतरी झटके मुळात येणारच नाहीत.

शिरूर तालुक्याला या कामासाठी बाहेरून उदाहरण आणायची गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी याच तालुक्यातल्या वढू बुद्रुकला केंद्र धरून ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं आणि गावातल्याच बायका आरोग्याचं काम शिकून उत्तम करू शकतात, हे सिद्ध करून दाखवलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथं २००२ पासून शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांमधल्या कुटुंबांची आरोग्यविषयक नोंद सातत्याने ठेवली जाते. जिथं हे घडलं, तिथल्या आशाताईंना एक कागद आणि पेन्सिल देऊन घरी आलेल्या रुग्णाची दोन मिनिटांची तपासणी शिकवणं अवघड नाही. कागदावर वीतभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्या मध्यावर खूण करायला सांगायचं. डावीकडचं भान गेलेला माणूस खूण बरीच उजवीकडे करतो. मग साधी वस्तू दाखवून तिचं नाव विचारायचं आणि "डोळे मिटा" एवढंच सांगून तो ते करतो का, हे पाहायचं. निदान डॉक्टर करतील. पण कुणाला पुढे पाठवायचं, हे एवढ्यावर कळतं. पुणे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

आणि ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना स्कॅनचा कागद बरोबर न्यावा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: मेंदूची कुठली बाजू दुखावली आहे, त्यामुळे बोलणं, समजणं आणि भान यातलं काय गेलं आहे, आणि घरी आम्ही नेमकं काय करायचं? उत्तर मराठीत लिहून मागावं. ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.